झाकणावरचं टोकन

मावशीच्या पाणीतपासणीच्या प्रयोगशाळेत भाऊजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, दर शनिवारी येतात आणि आम्हाला अडाणी ठरवून जातात. या वेळी त्यांनी ब्लॉकचेन आणली होती.

"प्रत्येक नमुन्याचं एक टोकन, म्हणजे डिजिटल पावती. निकाल एकदा चढला की कुणाच्या बापाला बदलता येणार नाही."

"पण बदलायचाय कुणाला?" पिपेट धुताधुता मावशीने विचारलं.

"प्रश्न विश्वासाचा आहे, मावशी!"

"बावीस वर्षं लोक माझ्या सहीवर पाणी पितायत, जावईबापू."

"सही खोटी करता येते."

"आणि टोकनाला पाणी चाखता येतं वाटतं?"

मी विचारलं, मुळात नमुन्यांचीच अदलाबदल झाली तर तुमच्या साखळीला ते कसं कळणार? भाऊजी हसले. "तुला अजून बरंच शिकायचंय." रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे आहे. भाऊजींनी दोन व्हिडिओ पाहिले आहेत. शेवटी जावयाचं मन कशाला मोडा, म्हणून मावशीने आठवडाभराची परवानगी दिली आणि भाऊजी रोज येऊ लागले.

पहिल्याच दिवशी स्टिकरवरचा कोड गोल बाटलीवर स्कॅन होईना. "झाकणावर लाव की, सपाट आहे," भाऊजींनी शोध लावला. नंबर बाटलीवर लिहायचा, झाकणावर कधीच नाही, हा मावशीने मला शिकवलेला पहिला धडा. तरीही मी स्टिकर झाकणांवर लावले. वाद घालून कंटाळा आला होता.

दोन नमुने होते: बालवाडीच्या टाकीचा आणि एका कारखान्याच्या विहिरीचा. दोन्हींतलं थोडं पाणी मी परीक्षानळ्यांत ओतलं, झाकणं परत लावली आणि झाकणं पाहून नळ्यांवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी एक नळी पिवळी झाली, म्हणजे पाण्यात जंतू. झाकणाप्रमाणे ती कारखान्याची. भाऊजींनी निकाल चढवून दोघांना टोकनं पाठवलीसुद्धा. "बघा, चहा निवायच्या आत!"

मला राहवेना. बाटल्यांत उरलेल्या पाण्यातले क्षार मोजले. बालवाडीला येतं शहराच्या जलवाहिनीचं पाणी. क्षार लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास. तिच्या झाकणाखाली निघाले अकराशे. ते पाणी विहिरीचं होतं. ओतताना काढलेली झाकणं परत लावताना मी एकाचं दुसऱ्याला लावलं होतं. जंतू बालवाडीच्या पाण्यात होते.

मावशीने तिथल्या बाईंना फोन लावला. त्या गोंधळल्या. "पण आमच्या टोकनावर हिरवी खूण आहे. ती बदलता येत नाही म्हणाले ना तुमचे जावई?"

भाऊजी पुटपुटले, "दुरुस्तीचं दुसरं टोकन काढता येईल..."

"काढा सावकाश. तोवर मुलं पाणी पितील," मावशी म्हणाली आणि फोनकडे वळली. "बाई, नळ बंद करा. आत्ता. मी सांगतेय म्हणून."

पलीकडून बाई म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय तर." मग मुलांना नळापासून हाकलल्याचा आवाज आला.

मावशीने बाटल्यांवर नंबर लिहायचा मार्कर माझ्या हातात दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती हिरवी खूण अजूनही तशीच आहे. भाऊजींनी सांगितल्याप्रमाणे, ती कुणाच्या बापाला पुसता आलेली नाही.