हरणीचा उपास

माझ्या घरातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. सिलेंडर आणणारा, केबलवाला, निवडणुकीत मतं मागायला आलेली दोन्ही पक्षांची माणसं, सगळ्यांना मी बळंबळं का होईना, खायला लावलंय. त्यामुळे माझी सून ऋता त्या कुत्रीला घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला घरात कुत्रं आल्याचा राग आलाच नाही. राग आला तो तिच्या फासळ्यांचा. उंच पाय, लांबुडकं तोंड आणि पोट अगदी पाठीला लागलेलं.

"अगं, हिला कुणी जेवायला घालत होतं की नाही?" मी विचारलं.

सोबत सुचिता आली होती. बोनकोडे गावची पोरगी, नोकरी सांभाळून जखमी कुत्र्यांना वाचवते. ही कुत्री तिला मोरा जेट्टीवर मोडक्या पायानं पडलेली सापडली होती.

"काकू, हिची जातच अशी हाय," ती म्हणाली. "अर्धी कारवान हाउंड, अर्धी गावठी. फासळ्या दिसनारच, त्या दिसू द्या. पायाचं हाड नुकतं जुळलंय, जास्त वजन पेलनार नाय. म्हनून मापानंच खायला द्यायचं, वर काय नाय. महिन्यानं मी येनार, वजन करनार. वाढलेलं असलं तर घेऊन जानार. पनवेलला एक फॅमिली थांबलीय हिच्यासाठी."

माझा मुलगा निशांत म्हणाला, "आई, ऐकलंस ना? मापानं." जसं काही मी बहिरी आहे.

नाव मी ठेवलं, हरणी. निशांत आणि ऋता सकाळी ऐरोलीला ऑफिसला गेले की मागे आम्ही दोघीच. मी शाळेतून रिटायर झाल्यापासून दुपारी घर खायला उठायचं. आता मी भाजी निवडायला बसले की हरणी समोर येऊन बसायची आणि मी सांगेन ते कान टवकारून ऐकायची. आमच्या घरात हे सुख मला नवीनच होतं. ती परत जाऊ नये असं मला आठवड्याभरातच वाटायला लागलं होतं, पण बोलून कशाला दाखवा!

मग एके दिवशी लिफ्टपाशी दुसऱ्या मजल्यावरची वैशाली भेटली. हरणीकडे बघून हळूच म्हणाली, "काकू, हिला जेवायला देता ना तुम्ही?" गेटवरचा वॉचमन बाबासो तर तोंडावरच बोलला, "लई वाळलंय वो जनावर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी साताऱ्याकडची, आणि माझ्या दारचं कुत्रं उपाशी? त्याच दुपारी अर्ध्या भाकरीवर तूप घालून मी तिच्यापुढे ठेवली. ऋताला काही बोलले नाही. अर्ध्या भाकरीनं काय होतंय!

पण झालं. हळूहळू फासळ्या बुजल्या, पोट सुटलं. आपल्या हाताला गुण आहे म्हणून आधी मी खूश होते. मग लक्षात आलं, माझ्या अर्ध्या भाकरीनं एवढं अंग भरणार नाही. एका संध्याकाळी तिला मीच खाली नेलं आणि म्हटलं, चल बाई तुला हवं तिकडे. ती सरळ बाबासोच्या केबिनपाशी जाऊन बसली. त्यानं सवयीनं ड्रॉवर उघडला, बिस्किटं काढली आणि मला बघून खोकत बसला. तिथून जिन्याखाली इस्त्रीवाल्या पोपटकडे. त्यानं पाव तयारच ठेवला होता. मग वैशालीचं दार तिनं पंजानं वाजवलं, तर आतून आवाज आला, "आले गं माझी सोनी, अंडं सोलतेय!"

प्रत्येकाला वाटत होतं, आमच्या घरात उपाशी मरणाऱ्या बिचारीला आपणच तेवढं जगवतोय. मी तिघांनाही चांगलं फैलावर घेतलं. भाकरीचा विषय मात्र काढला नाही.

डॉक्टरांनी मना केलंय असं सांगून पाहिलं. "थोडंसं दिलं तर काय होतंय," म्हणाले. एक आठवडा उरला होता आणि हरणी दोन जिने चढली की धापा टाकत होती. शेवटी मी युक्ती केली. सगळ्यांना सांगितलं, "हिच्या पायासाठी मी देवीला बोललेय. शनिवारपर्यंत हरणीचा उपास आहे."

आमच्या बिल्डिंगमध्ये डॉक्टरचं कुणी ऐकणार नाही, पण दुसऱ्याचा उपास मोडायची कुणाची छाती नाही. बाबासोनं तर हात जोडले. भाकरीही मी त्याच दिवशी बंद केली आणि स्वतःवरच खूश होऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली वाटी घेऊन दारात. साबुदाण्याची खिचडी, वरून दाण्याचं कूट, कडेनं तूप सुटलेलं. "तुमच्या मनात शंकाही नको यायला काकू, कांदा-लसूण काही नाही. उपासाचीच आहे." खाली गेले तर बाबासो राजगिऱ्याचा लाडू भरवत होता. पोपटनं केळी आणली होती. पुढे रताळ्याचा कीस आला, वऱ्याचे तांदूळ आले. नको म्हणायला तोंड कुठे होतं? उपास मीच जाहीर केलेला. आणि उपासाला माणसं रोजच्या दुप्पट खातात हे मी, जन्मभर एकादश्या केलेली बाई, विसरले कशी?

शनिवारी सुचिता काटा घेऊन आली. हरणीला उचलून काट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली. तिचा चेहरा उतरला. "तीन किलो वाढलीय. आनि परत लंगडतेय. ऋता, तुला सांगितलं होतं मी."

"मी रोज मापानंच काढून ठेवत होते गं," ऋता म्हणाली. डोळे भरले होते तिचे. सुचिताचा विश्वास बसला नाही, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तिला बोलू नकोस," मी म्हटलं. "मी देत होते. तूप-भाकरी. तिच्या फासळ्या बघवेनात मला."

निशांतनं कपाळावर हात मारला. सुचितानं हरणीच्या गळ्यात पट्टा अडकवला.

तेवढ्यात बेल वाजली. सुचिता काटा घेऊन येताना दिसली, तशी हरणी चालली ही बातमी खाली पसरली होती. दारात वैशाली, बाबासो आणि पोपट, तिघांच्या हातात एकेक डबा. "पनवेलपातूर जायाचं," बाबासो म्हणाला, "रिकाम्या पोटी कसं धाडायचं वो?"

सुचितानं डब्यांकडे बघितलं, हरणीच्या पोटाकडे बघितलं आणि खदाखदा हसत खाली बसली. "काकू, अख्खी बिल्डिंग हाय होय यात! बरं, एक महिना अजून देते. हे तिघं तिला रोज चालवनार, डबे घरी ठेवून. आनि वाढनार एकच हात. बोला, कोनाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बरोबरच होतं. या घरात वाढणं माझं. लग्न होऊन आल्यापासून ऋतानं स्वतःच्या ताटात भातसुद्धा माझ्या हातचाच घेतलाय. वाढायचा डाव मी कुणाच्या हातात दिला नाही, तापात फणफणले तेव्हाही नाही. आणि हाच हात त्या मुक्या जिवाला लंगडा करत होता.

"माझा नको," मी म्हटलं. "मला राहवत नाही. ऋताचा."

ऋता माझ्याकडे बघतच राहिली. मी खाण्याच्या डब्यातलं माप काढून तिच्या हातात दिलं आणि बाल्कनीत जाऊन बसले.

संध्याकाळी तिनं हरणीला वाढलं. मी वळून पाहिलं नाही. भांडं चाटल्याचा आवाज बराच वेळ आला, मग ऋताचा, "संपलं गं बाळा." पोरीचा आवाज कापत होता, पण तिनं वर काही घातलं नाही.

मग हरणी लंगडत बाल्कनीत आली. तिनं माझा एक हात हुंगला, मग दुसरा. आता ही माघारी वळणार, मी मनाशी म्हटलं, आणि वळेल ते बरोबरच आहे. तिनं आपलं लांबुडकं तोंड माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोळे मिटले. द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं, तरी ती तिथून हलली नाही.