बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

झाकण निघताना 'टुक्' असा आवाज येतो ना मित्रांनो, तो माझा. मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. आधी माझ्यात बिस्किटं होती. ती संपली आणि एका शिंप्याने मला बटणांसाठी ठेवून घेतलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या मशीनशेजारी बसलो. उरलेलं बटण त्यांनी कधी टाकलं नाही. "असू दे, जोडीला लागतं," म्हणायचे, आणि न बघता माझ्या पोटातून नेमकं हवं तेच काढायचे. मला केवढी धन्यता वाटे!

पुढे हात थरथरू लागले. मशीनवर चादर पडली, बटणं बरणीत गेली आणि माझ्यात गोळ्या आल्या. सवय मात्र तीच राहिली. जुन्या दुखण्यातल्या उरलेल्या गोळ्याही माझ्याच पोटात.

एकदा त्यांना सर्दी झाली. गेल्या वर्षीची पिवळी गोळी त्यांनी शोधून काढली. सर्दी गेली, तरी ती गोळी सुटेना. त्यांची झोपेची गोळीही पिवळी, तेवढीच गोल. शिंप्याच्या नजरेने दोघींची जोडी लावून टाकली आणि रोज दोन्ही पोटात जाऊ लागल्या.

मग दिवस हलके, धुकट होऊ लागले. पडदा हलला की म्हणत, "झगा कुणी शिवला हा? घेर वर-खाली झालाय." उन्हात त्यांना बटणं तरंगताना दिसत. ते ती हळूच चिमटीत धरत, माझ्यात सोडत. आवाज मात्र येत नसे. आणि एका सकाळी लेक चहा घेऊन आली, तिला म्हणाले, "या बाई. माप कुणाचं द्यायचंय?"

कप तिच्या हातातच राहिला.

"वय झालं त्यांचं," जावई म्हणाले. "आता हे असंच चालायचं."

"गेल्या सोमवारी शब्दकोडं सोडवत होते. आठवड्यात माणूस एवढं म्हातारं होतं होय?"

तिने एका हाताने बाबांना धरलं, मला काखेत मारलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी मला टेबलावर उपडं केलं.

"आजोबा, डबा आहे की औषधांचं दुकान?" मग पिवळी गोळी उचलून त्या थांबल्या. "ही सर्दीची. या वयात अशी गोळी डोक्यात धुकं उतरवते, त्यात झोपेची जोडीला. ही आजपासून बंद. झोपेची मी सांगेन तशी कमी करू. आणि रक्त-लघवीही तपासून घेऊ, दुसरं काही नाही ना ते कळेल."

तपासणीत दुसरं काही निघालं नाही. धुकं मात्र एकदम गेलं नाही. रोज थोडं थोडं विरलं. नवव्या दिवशी ते लेकीकडे बराच वेळ बघत राहिले.

"चिमे, बाहीचं बटण कुठे पाडलंस?"

आता माझ्यात गोळ्या नव्हत्या; तिने बटणांची बरणी आणून माझ्यात रिकामी केली. त्यांनी न बघता हात घातला.

मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस चार दिवसांत परकं वाटू लागलं, तर वयाला बोल लावून बसू नका. त्याला आणि त्याच्या गोळ्यांच्या डब्याला, दोघांनाही डॉक्टरकडे न्या. मी सगळं पाहत होतो, पण पत्र्याला बोलता येत नाही. तुम्हाला येतं.