केळीच्या बागेत उपग्रह

१९९८च्या मार्चमध्ये जीवरामपुढे दोन यंत्रं होती आणि एक रिकामा चौकोन. यंत्रं मुंबईच्या दुकानदारानं पसंतीला पाठवलेली, हातात मावणारी. आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत, हे ती उपग्रहांना विचारून सांगत. चौकोन अर्जावरचा. सातपुड्यातल्या एका पाड्याला डोंगरातल्या झऱ्यावरून नळ मिळणार होता; पण अर्ज एकदा परत आला होता. ‘झऱ्याचे अक्षांश-रेखांश’ या चौकोनात जीवरामनं ‘वनाबाबाला माहीत आहे’ असं लिहिलं होतं.

“सोमवारी एक यंत्र परत जाणार,” जीवराम काम करी त्या संस्थेच्या प्रमिलाताईंनी बजावलं. “नीट निवड. आता अर्ज परत आला, तर पाडा आणखी एक उन्हाळा हंडे वाहील.”

जीवरामनं मनात निवडलंही होतं. धाकटं. त्यात नकाशा होता. अमेरिकेतले सगळे महामार्ग होते. त्याच्या गावाचं, असोद्याचं, नाव नव्हतं; पण असोदेकरांना त्याची सवय असते. थोरलं काळं धूड. डोक्यावर बोटभर ॲन्टेना आणि आत नुसते आकडे. घराच्या गच्चीवर दोघांनीही आठ-आठ उपग्रह पकडले.

अंगणात तोतारामआबा, त्याचे चुलते, बसले होते. आबांच्या नजरेखालून गेल्याशिवाय गावात एकही बैल दावणीला लागत नसे.

“वर काय करतं रे?”

“पारख, आबा. दोन्ही चांगली चालतात.”

“गच्चीवर? बैल कधी सडकेवर पाहातेत का? सडकेवर म्हातारंबी चालते. त्याले चिखलात घाला लागते. मले सांग, तुहा झरा गच्चीवर हाये का?”

झरा दाट झाडीत होता. जीवराम दोन्ही यंत्रं घेऊन खाली उतरला.

आबांनी दोन्ही यंत्रं उलटीपालटी करून, बैलाचं वय पाहावं तसे, दात शोधले. सापडले नाहीत. “वय कमी हाये,” असं म्हणून ते थेट केळीच्या बागेत शिरले. वर पानाला पान भिडलेलं, खाली नुकतंच पाणी दिलेलं. जीवराम घोट्यापर्यंत रुतला. नकाशावाल्यानं दहा मिनिटं आभाळ शोधलं आणि शेवटी पडद्यावर विचारलं, तुम्ही घरात आहात का?

“बसला,” आबा म्हणाले.

थोरल्यानं रडतखडत चार उपग्रह धरले. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “हाच घे. शिंगबी चांगलं हाये.”

सोमवारी जीवरामनं जड मनानं अमेरिका परत पाठवली.

आठवड्यानं पाड्यावरचा वनाबाबा त्याला झऱ्यावर घेऊन गेला. वर उंबराची गच्च सावली. काळ्या यंत्रानं बराच वेळ घेतला. मग एक, दोन, चार उपग्रह, आणि आकडे उमटले. पण ते स्थिर राहीनात. यंत्राच्या हिशेबानं झरा दहा मिनिटांत पन्नास मीटर चालला.

“चालला?” वनाबाबानं वाकून पाण्याकडे पाहिलं. “इथंच तर आहे.”

“यंत्राला थोडं इकडंतिकडं होतं, बाबा. त्याची सरासरी काढायची.”

जीवराम दुपारभर आकडे उतरवत बसला. सरासरी काढून त्यानं ती चौकोनात लिहिली. चौकोन अगदी कडेपर्यंत भरला.

“आता कागदाला माहीत झालं?” वनाबाबानं विचारलं.

“झालं.”

वनाबाबा उठला, कोयता घेतला आणि नळ जिथून खाली जाईल असं त्याला वाटलं, तिथली काटेरी झुडपं तोडायला लागला. मंजुरीला निदान चार महिने लागतील, हे जीवरामनं सांगून पाहिलं. मग यंत्र खिशात टाकून तोडलेले काटे बाजूला ओढू लागला.