पायऱ्या चढण्याचे कारण

मी एक जुना जिना आहे. इतर जिने माणसाला माडीवर किंवा गच्चीवर नेतात. मी चार पायऱ्या वर नेतो, फळीवर क्षणभर थांबवतो आणि पलीकडच्या चार पायऱ्यांनी पुन्हा जमिनीवर आणतो. मित्रांनो, यात हसण्यासारखे काही नाही. पक्षाघाताने ज्यांचे चालणे हिरावले, त्यांना ते नव्याने शिकवणाऱ्या रुग्णालयातला मी सरावाचा जिना आहे.

सुताराने मला घडवले, दोन्ही बाजूंना कठडे बसवले, पायऱ्यांवर रबरी पट्ट्या ठोकल्या. घरी निघालेली माणसे माझ्या कठड्यावर कौतुकाने थाप मारत. ती स्तुती मी बेताचीच मनावर घेई. त्यांतली काही माझ्याशिवायही बरी झाली असती, आणि माझ्यावर रोज चढूनही काही झाली नाहीत. पुढे फिरत्या पट्ट्यांवर चालायची यंत्रे आली, तेव्हा माझ्या कठड्यांवर ओले टॉवेल वाळू लागले. लाकडाला ओल मानवत नाही. पण मला विचारतो कोण?

अशा दिवसांत बाइंडरकाका आले. आयुष्यभर पुस्तके बांधलेला माणूस. उजवे अंग लुळे पडलेले, आणि शब्द मनात असूनही ओठांवर येईनात. घर दुमजली असल्याचे कळताच पहिल्याच दिवशी उद्दिष्ट ठरले: जिना चढणे. टॉवेल उतरले, मी पुन्हा कामाला लागलो.

काका डाव्या हाताने कठडा धरून चढत, आणि अर्ध्यावर आले की नेमका तोच चांगला हात सोडून देत. तोल जाई. चालण्याचा सराव घेणाऱ्या फिजिओबाई त्यांच्या कमरेचा पट्टा धरून सावरत आणि म्हणत, "काका, कठडा सोडायचा नाही." काका मान डोलवत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

उपचार करणाऱ्यांची आठवड्याची बैठक माझ्याच पायथ्याशी भरे.

"सांगून सांगून थकले मी," फिजिओबाई म्हणाल्या.

"सूचना पूर्ण समजत नसेल," बोलणे शिकवणारे सर म्हणाले.

"समजतं सगळं. कडू गोळी दिली की कसे डोळे वटारतात, बघा एकदा," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांचे मत पडले की आघातानंतर स्वतःच्या मर्यादांचे भान सुटते. प्रत्येकाचे म्हणणे शक्य कोटीतले होते, आणि अडचण तीच होती. पटण्याजोगे कारण हाती लागले की ते पडताळून पाहायचे राहून जाते. ज्याच्याविषयी ही बैठक, तो माणूस बाहेरच्या बोळात चाकाच्या खुर्चीत बसून होता.

काकांचा मुलगा मात्र बैठकीला आला होता. "हे असंच राहिलं तर बाबांना मी माझ्याकडे नेतो," तो म्हणाला. "आई ताईकडे राहील. दोघांना एकत्र सांभाळणं कोणालाच झेपणार नाही."

मग हातांची कामे शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "पडायला आलेला माणूस काहीतरी पकडायला हात टाकतो. कठडा सोडला की काकांचा तळवा मात्र वर असतो. तो का, ते त्यांनाच विचारू या का?"

काकांची खुर्ची आत आणली गेली. बाई समोर स्टुलावर बसल्या. "काका, पायरीवर असताना हातात काय असतं?"

"ता..." काका अडकले. फिजिओबाई मदतीला सरसावल्या, तेव्हा सरांनी हात वर केला. "थांबा. त्यांचा शब्द त्यांनाच आणू द्या."

बराच वेळ गेला. "ताट," काका म्हणाले. मग बोट छताकडे गेले. "वर... ती."

मुलाने खाली पाहिले. "आई वरच्या खोलीत असते. तिला उठता येत नाही. स्वयंपाकघर खाली, म्हणून जेवण बाबाच नेतात. बाबा, त्यासाठी माणूस ठेवू ना आपण."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "मी."

उद्दिष्ट त्या दिवशी बदलले. जिना चढणे हे आता साधन झाले. तिचे जेवण वर पोहोचवणे हे काम ठरले. मात्र काका ताटावर अडून बसले.

"ताटही हवं आणि कठडाही हवा, तर तिसरा हात लागेल," फिजिओबाई म्हणाल्या. "तो आमच्याकडे मिळत नाही."

काका हसले. पुष्कळ विचार करून म्हणाले, "डबा."

ताटे वरच्या खोलीत ठेवायची, डबा खांद्यावरच्या पिशवीतून न्यायचा आणि वर वाढायचे, असे ठरले. बाईंनी एका हाताने झाकण उघडायला शिकवले. झुलत्या पिशवीने तोल कसा ढळतो, ते फिजिओबाईंनी करून दाखवले. सरांनी "जेवतेस ना" एवढेच घोटून घेतले. सिस्टर काकांचे जेवण खाटेवर न देता, चालत जावे लागेल असे दालनाच्या टोकाला ठेवू लागल्या. मुलाने घरच्या जिन्याला दुसरा कठडा बसवला. काम त्याच माणसांचे होते. फक्त आता सगळ्यांचे तोंड एका दिशेला होते.

घरी जाण्याच्या सकाळी काका दुधाने भरलेला डबा घेऊन माझ्यावर चढले. हात कठड्यावरून सुटला नाही. खाली उतरल्यावर झाकण उघडले, तर कडेने थोडे दूध पिशवीत ओघळले होते.

"सांडलं थोडं," मुलगा म्हणाला.

"ती... बोलेल," काका म्हणाले. श्वास घेऊन पुढे जोडले, "रोज बोलते."

मुलाने डबा पुसून पिशवीत ठेवला. ताईचे नाव पुन्हा निघाले नाही.

मित्रांनो, माझ्यावर ओले टॉवेल टाकू नका, आणि रबरी पट्टी उखडलेली दिसली तर आधी ती बसवा; रंग नंतर दिला तरी चालेल. आणि एखाद्या अडखळणाऱ्या माणसाला हात द्याल, तेव्हा त्याला कशासाठी चढायचे आहे ते अगोदर विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.