गरीब लेकरू

सांगतो ते कोणी खरं मानणार नाही, पण भातकुलीच्या खुशालरावांची नात इतकी गरीब होती, की बारशाला डफडं तिच्या कानाशी वाजलं तरी पापणी हलली नाही. मांजरीनं पाळण्यात शिरून चार पिल्लं घातली, तरी पोर गप्प. निदान पारावर खुशालराव तरी असंच सांगत.

"आमच्या नातीवानी गरीब लेकरू वऱ्हाडात नाही!"

बाया सुनेला, ललिताला म्हणत, "नशीब काढलं व बाई! आमचे त रातभर जागवतात."

ललिता हसायची आणि पदराआड पोरीचे पाय चोळायची. चुलीजवळ निजवलं तरी पाय गारच. जन्मापासूनची पिवळी झाक उतरत नव्हती. पाजायला घेतलं की दोन घोट, मग झोप, जीभ ओठाबाहेर. एकदा तिनं तळपायाला चिमटा घेतला. म्हाताऱ्या माणसासारखं घोगरं काहीतरी निघालं आणि विझलं. त्या दिवशी तिनं अमरावतीच्या दवाखान्याचा हट्ट धरला आणि खुशालरावच दोघींना घेऊन गेले.

डॉक्टर पोरीचे पाय हातात घेऊन बराच वेळ बसले.

"पोटात आईची ऊब असते. बाहेर आलं की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी एकदम जोर धरते. अंग तापवते, डोकं वाढवते. हिची चूल पेटलीच नाही, असं वाटतं. तसं असेल तर गोळी आजच सुरू करायला हवी. उशीर झाला तर पोरगी वयानं वाढेल, बुद्धी वाढणार नाही. नीट सांगा आजोबा, रडते कशी? पिते कशी?"

येडी नात! पारावर कोणत्या तोंडानं बसणार? खुशालराव ताठ झाले.

"रडते कशी? अजी, हिनं टाहो फोडला का आमच्या छपराच्या कवेलूवरचे कबुतरं बडनेऱ्याले जाऊन बसतात! अन् दूध? मायले पुरत नाही!"

डॉक्टरांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "असं असेल तर घाई नको. रक्ताचा अहवाल येईपर्यंत महिनाभर पाहू."

खुशालराव उठलेही. ललितानं सासऱ्यासमोर आजवर तोंड उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर घसरला, तो तिनं सावरला नाही.

"खोटं हाये, मामाजी! पोरगी रडत नाही, चिमटा घेतला त नुसती कण्हते. गरीब नाही हाये थे, बिमार हाये!"