गाळाची वर्गणी

“काहून पैसे पाठवता ताई? फुकटचंच हाये ना ते?”

मनीऑर्डरचा फॉर्म भरून देता देता वामनरावांनी दर महिन्याचा प्रश्न विचारला. कचेरीचा हा बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, माणूस वाईट नव्हता. फुकट मिळालेल्या वस्तूचे पैसे देणारी बाई त्याला वेडी वाटायची, इतकंच. कौसल्याताई यवतमाळच्या त्याच सरकारी कचेरीत टेलिफोन सांभाळायच्या. जन्मापासून आंधळ्या. संगणकावरचं मराठी त्यांना वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर प्रफुल्ल नावाच्या पोरानं घरी बसून बनवलं होतं आणि ज्याला हवं त्याला फुकट दिलं होतं. आत काय लिहिलंय तेही उघडं. कोणीही बघावं, सुधारावं.

“बोरीले आमच्या वस्तीत विहीर हाये भाऊ,” ताई म्हणाल्या. “पाणी कोणीही भरा, फुकट. पण दर उन्हाळ्यात गाळ काढाले घरटी वर्गणी. नाही देल्ली त पाणी कोणी बंद नाही करत. विहीरच बुजते.”

“तुमचं तुमाले माहीत,” म्हणून वामनराव हसले.

कापसानं माणसं खाल्ली ती वर्षं. सरकारी मदतीच्या यादीत नाव आलं का, हे विचारायला जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या बायांचे गावोगावहून फोन यायचे. ताई एका कानाला फोन आणि दुसऱ्याला संगणकाचा आवाज लावून नाव शोधायच्या. कोणाला विचारावं लागत नाही याचा त्यांना गर्व होता, आणि का नसावा? “हे काय लिहिलंय गं?” विचारण्यातच अर्धा जन्म गेला होता.

मार्चात कचेरीत नवे संगणक आले. त्यांच्यावर प्रफुल्लचं सॉफ्टवेअर चालेना. वामनरावांनी दोनदा टाकून पाहिलं. मग ताईंनी प्रफुल्लच्या घरी फोन लावला. त्याची बायको दीपा बोलली.

“ते पुण्याले गेले ताई, नोकरीवर. बाहेरचं काम करणार नाही असं कंपनीनं लिहून घेतलं. घर चालत नव्हतं. मीबी पुढच्या हप्त्यात निघून राह्यली.”

“पण सातशे लोक वापरतात म्हणे ना ते? सगळ्यायची वर्गणी...”



“वर्गणी तुमची एकटीचीच येई ताई. सहा वर्षं. सांगाले त्यायले लाज वाटे. तुमची मनीऑर्डर आली का पुन्हा महिनाभर कामाले बसत.”

ताईंनी फोन ठेवला. त्यांना रडू आलं. स्वतःसाठी नाही, त्या पोरासाठी.

“उघडं हाये ना ते?” वामनराव हळूच म्हणाले. “कोणीही दुरुस्त करू शकते म्हणत होत्या तुमी.”

“हो. कोणीही.”

फोन वाजला. राळेगावकडची सुखीबाई होती. नवरा गेल्या पोळ्याला गेलेला. यादीत आपलं नाव आहे का, विचारत होती.

ताईंचा हात सवयीनं कळफलकावर गेला. दोन बटणं दाबली. कानात काही आलं नाही.

“थांबा बाई,” त्या म्हणाल्या आणि वामनरावांच्या टेबलाकडे चेहरा वळवला. “भाऊ, जरा वाचून सांगता का?”