होडीतल्या टाकीचा श्वास

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, मित्रांनो, आणि जन्माची घाबरट. जरा खुट्ट झालं की माझ्या पोटातलं पाणी हलतं! हल्ली सोनागिरी वस्तीतल्या एका गच्चीवर झाडांना पाणी पुरवते, पण माझी खरी नोकरी भोपाळच्या मोठ्या तलावावर, एका छोट्या शिडाच्या होडीत झाली.

होडी अरविंदरावांची. ते सरकारी कारखान्यात तंत्रज्ञ. कॉलनीतल्या क्वार्टरच्या अंगणात सुट्टीच्या दिवशी त्यांची ठाकठोक चाले. तलावाचं पाणी तसंच पिण्याजोगं नाही, म्हणून त्यांनी मला बाकाखाली पट्ट्यांनी बांधलं, पायाने दाबायचा पंप जोडला आणि पुढे नळ बसवला. पाणी उपसलं की आत हवा यायला हवी, त्यासाठी माझ्या डोक्यावर एक बारीक नळी काढली. शेजारचे श्यामजी म्हणाले, "क्या बात है, नाव में नल!" मी किती फुगले म्हणून सांगू!

पण तलावावर फेरीला निघायच्या आधी अरविंदरावांच्या पत्नीने, वसुधाताईंनी, ती नळी पाहिली. "अगं बाई, ह्यातून झुरळं शिरतील!" म्हणत त्यांनी दुधाची धुतलेली पिशवी नळीच्या तोंडावर दोऱ्याने करकचून बांधली. घरातही त्या सगळं असंच बांधून ठेवत. मला वाचा असती तर ओरडले असते.

वैशाखातलं ऊन. भर तलावात वारा पडला आणि शीड लोंबू लागलं. त्यांची छोटी लेक कल्पना उलट्या करून मलूल झाली.

"आई, पाणी."

अरविंदरावांनी पंप दाबला. चूळभर पाणी आलं नि थांबलं.

"पंपाचा वॉशर गेला वाटतं," म्हणत ते आणखी जोराने दाबू लागले.

मेले, मेले मी! हवा येईना आणि माझ्या कुशी आत ओढल्या जाऊ लागल्या. फुटले तर सगळं पाणी होडीच्या तळाशी जाणार. मग पोरीला काय पाजणार हो? तिने तर तलावात ओंजळ घातलीच होती.

"नको गं बाळा, ते नको!" वसुधाताईंनी तिचा हात धरला.

तेवढ्यात माझी एक कूस धप्पकन आत बसली. त्या दचकल्या.

"अहो, थांबा! तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडतो ना आपण, एक तेलाला, एक हवेला? हिचं हवेचं भोक मीच बांधून टाकलंय!"

दोरा सुटेना. शेवटी त्यांनी तो दाताने तोडला.

हुश्श! केवढा श्वास घेतला मी! पंप दाबताच नळ वाहू लागला. कल्पना घोट घोट पाणी प्यायली, तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "अजून." वसुधाताईंना रडू आवरेना. "तुझ्या भल्यासाठीच केलं होतं गं," त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या की लेकीला, कोण जाणे.

मित्रांनो, टाकी घासा, झाका, नळीला बारीक जाळीही लावा. पण कुणालाही जपताना त्याचा श्वास कोंडू नका. बिचारं आतल्या आत घाबरून जातं, आणि त्याला सांगताही येत नाही.